खांद्याचा संधिवात समजून घेताना

(धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, ता. लोहारा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या विषयावर बोलण्यासाठी वास्तविक एखादे अस्थिरोगतज्ज्ञ येथे उभे असावयास हवे होते. माझे शिक्षण कला शाखेचे आणि काम माहिती पोहोचविण्याचे. तरीही हा विषय मी घेतला, याचे कारण असे की, रोगावर उपचार डॉक्टर करतात; परंतु डॉक्टरकडे कोणी, केव्हा आणि कोणत्या दारी जावयाचे, हा निर्णय दवाखान्यात होत नाही. तो घराच्या ओसरीवर, शेताच्या बांधावर आणि शाळेच्या कचेरीत होतो. तेथे ज्यांचा शब्द मानला जातो, अशी मंडळी आज माझ्यासमोर बसली आहेत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्याला हळद आणि लोणी लावून शेकले जाते. जनावराच्या खांद्याची ही कदर करणाऱ्या घरात माणसाच्या खांद्याविषयी मात्र एकच निदान ठरलेले असते : "वारं धरलंय." पंचविशीतील तरुण असो, चाळिशीची मजूर स्त्री असो की सत्तरीचे आजोबा असोत, निदान तेच आणि उपायही तोच. हात गळ्यात बांधावा, हलवू नये, आणि वयोमानाकडे बोट दाखवावे. माझे आज मुख्यतः एवढेच सांगणे आहे की, "वारं" या एका शब्दाखाली किमान सात-आठ निरनिराळे आजार दडलेले आहेत. त्यांपैकी एकास जे औषध, तेच दुसऱ्यास अपाय ठरू शकते. काहींमध्ये वर्षभर थांबले तरी बिघडत नाही, तर एक-दोहोंमध्ये दिवसभर थांबणेही महागात पडते.

हा विषय सास्तूरमध्येच का, असे कोणी विचारील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी येथे काय घडले, हे तुम्हांला मी सांगावयास नको. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर कोसळले. त्या वेळी सास्तूर उमरगा तालुक्यात होते, आणि अतोनात हानी झालेल्या गावांमध्ये त्याचे नाव होते. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मृतांची मोजदाद झाली, घरांची झाली, पुनर्वसनाचीही झाली. परंतु ढिगाऱ्यातून जी माणसे हात-पाय मोडून, खांदे निखळून जिवंत बाहेर आली, त्यांच्या सांध्यांचा हिशेब त्या पहाटे संपला नाही. सांध्याच्या आतपर्यंत गेलेला अस्थिभंग किंवा निखळलेला खांदा वरून बरा झाला, तरी आतील गुळगुळीत पृष्ठभागास तडा गेलेला असू शकतो. अशा सांध्याची झीज पाच, दहा, कधी वीस वर्षांनी उघड होते. त्या वेळचा विशीतला तरुण आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याचा खांदा आज दुखू लागला, तर ते केवळ "वय झाले" एवढ्यावर सोडून देता येत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर त्या जुन्या दुखापतीचा उल्लेख त्याने आवर्जून केला पाहिजे, आणि बहुतेक जण तो करीत नाहीत. त्या रात्रीविषयी बोलणे नकोसे वाटते हे खरे. पण तीन दशकांपूर्वीच्या माराचा आजच्या दुखण्याशी काही संबंध असेल, हे मनातही येत नाही, हेही तितकेच खरे.

आता सांध्याची रचना थोडक्यात पाहू. दंडाच्या हाडाचे, म्हणजे भुजास्थीचे, वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. पाठीवरील फऱ्याच्या हाडाला, म्हणजे अंसफलकाला, एक उथळ खळगी असते. कमरेचा सांधा उखळीसारखा खोल असतो, म्हणून तो पक्का पण मर्यादित. खांद्याची खळगी मात्र बशीसारखी. चेंडू मोठा आणि बशी लहान. त्यामुळेच हात वर, मागे, बाजूस, सर्व दिशांना फिरतो. शरीरात इतका मोकळा फिरणारा दुसरा सांधा नाही. या मोकळेपणाची किंमत अशी की, चेंडू बशीवर टिकवून धरण्याचे काम हाडांना करता येत नाही. ते चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा यांना करावे लागते. डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते, सांध्याभोवती पातळ पिशवीसारखे आवरण असते आणि आत वंगणासारखा द्रव असतो. यांपैकी काय बिघडले, यावर आजाराचे नाव ठरते.

कूर्चा झिजली तर तो झिजेचा संधिवात. गुडघ्याच्या मानाने खांद्यात तो कमी आढळतो, कारण शरीराचा भार खांद्यावर उभा नसतो. साधारणतः साठीच्या आसपास तो दिसू लागतो. जुनी दुखापत असेल तर बराच आधी येतो. दुखणे खोल असते, खांद्याच्या मागील बाजूस अधिक जाणवते, हात फिरविताना करकर वाजते आणि त्या कुशीवर झोप लागत नाही. वर्षानुवर्षे उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या, पाण्याचे हंडे आणि रोजगार हमीच्या कामावरील घमेली उचलणाऱ्या माणसांचा खांदा कचेरीत बसणाऱ्याच्या खांद्यापेक्षा अधिक राबतो, हे सांगण्यास शास्त्राची गरज नाही.

आवरणच आक्रसले आणि जाड झाले, तर तो "गोठलेला खांदा". गल्लत होते ती मुख्यतः येथे. हा झिजेचा संधिवात नव्हे. कूर्चा शाबूत असते आणि क्ष-किरण चित्रही सहसा स्वच्छ येते. चाळीस ते साठ या वयात तो होतो, स्त्रियांमध्ये अधिक होतो, आणि मधुमेहींमध्ये इतरांच्या कितीतरी पट अधिक. आधी काही महिने तीव्र वेदना, मग वेदना उतरते पण हात जखडतो, नंतर तो हळूहळू सुटू लागतो. हे चक्र पुरे होण्यास एक ते तीन वर्षे लागतात. काहींचा हात पूर्णपणे सुटत नाही. आयुर्वेदात ज्यास "अवबाहुक" म्हटले आहे, त्याचे वर्णन याच्याशी बरेच जुळते. एखाद्याचा खांदा काही कारण नसताना जखडला, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. आपल्याला मधुमेह आहे हे काही जणांना खांद्यामुळेच प्रथम कळते.

कंडरा फाटली तर चित्र निराळे असते. हात स्वतः उचलता येत नाही, पण दुसऱ्याने धरून उचलला तर सहज वर जातो. गोठलेल्या आणि झिजलेल्या खांद्यात तसे होत नाही. तेथे दुसऱ्याने उचलला तरी हात अडतो. एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी घोटाळा बराच कमी होईल. मोठी फाटलेली कंडरा वर्षानुवर्षे तशीच राहिली, तर चेंडू वर सरकतो, वरच्या हाडाला घासतो आणि शेवटी त्याही खांद्यात संधिवात निर्माण होतो.

आमवाताची गोष्ट आणखी वेगळी. 'माधवनिदान' या प्राचीन ग्रंथात "आमवात" हा स्वतंत्र रोग म्हणून वर्णिलेला आहे. आधुनिक वैद्यकशास्त्रातील ज्या रोगास आज आपण आमवात म्हणतो, त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो, आणि बहुधा बोटांच्या व मनगटाच्या लहान सांध्यांपासून, दोन्ही बाजूंना सारखाच सुरू होतो. खांदे नंतर धरतात. सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहून अधिक वेळ हात आखडलेले राहणे, ही त्याची खूण. भाकरी थापताना बोटे वळत नाहीत आणि दुपारपर्यंत मोकळी होतात, अशी तक्रार घरातील स्त्रीने केली तर ती कामचुकारपणाची सबब समजू नये. या रोगात पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले, तर सांधे वाचतात. उशीर झाला तर वाकडे झालेले सांधे औषधाने सरळ होत नाहीत.

यावरील मुख्य औषधांपैकी मेथोट्रेक्झेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चिठ्ठी वाचता न आल्याने किंवा दुकानदाराने नीट न सांगितल्याने ती रोज घेतली गेली आणि रुग्ण दगावला, अशा घटना वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. शिक्षक मंडळींनी आपल्या आळीत असा रुग्ण असल्यास गोळीचा वार कॅलेंडरवर लाल शाईने लिहून द्यावा. हे लहानसे काम एक जीव वाचवू शकते. गर्भवती स्त्रीने किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने ही गोळी घेऊ नये, हेही तिला स्पष्टपणे सांगावयास हवे.

थांबू नये असे प्रसंग कोणते, तेही सांगतो. ताप आहे, खांदा गरम व सुजलेला आहे आणि हात जरासुद्धा हलवू देत नाही, विशेषतः लहान मूल एक हात अजिबात वापरीत नाही, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डाव्या खांद्यात कळ येऊन घाम फुटला, छाती दडपली, श्वास लागला, तर ते दुखणे खांद्याचे नसून हृदयाचे असू शकते; तेल चोळीत न बसता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. कित्येक महिने हळूहळू वाढणारे दुखणे, दंडाचे मांस उतरणे, वजन घटणे, संध्याकाळी कणकण येणे, ही क्षयाची लक्षणे असू शकतात. क्षय फुप्फुसाचाच असतो असे नाही, तो खांद्यातही होतो. त्याचे औषध शासकीय रुग्णालयात विनामूल्य मिळते.

आता उपायांकडे वळू. आधी काय करू नये ते सांगतो. निर्गुडीच्या पाल्याचा शेक किंवा कोमट तिळाच्या तेलाचे मालीश यांस माझा काही आक्षेप नाही. कातडी भाजणार नाही एवढी काळजी घेतली तर त्याने बरेच वाटते. परंतु बिब्बा घालणे आणि तापल्या लोखंडाने डाग देणे हे प्रकार सर्वथा वर्ज्य समजले पाहिजेत. मधुमेह्याच्या अंगावर दिलेला डाग चिघळला, तर मूळ दुखणे बाजूलाच राहते. बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या, "तीन दिवसांत गुण" देणाऱ्या पुड्यांविषयी तर अधिकच सावध राहावे. तपासणीत अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. गुण येतो तो त्याचा. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडमुळे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि भुजास्थीच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटून ते टोक खचू शकते. म्हणजे ज्या खांद्यासाठी पुडी घेतली, तोच खांदा जावयाचा. दारूच्या अतिसेवनानेही हाडाची अशीच हानी होते. येथे दारूबंदीचे व्याख्यान मी देत नाही, केवळ नोंद करतो.

वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत. त्या जठरात व्रण करतात, रक्तदाब वाढवितात आणि मूत्रपिंडास इजा करतात. सांध्यात देण्याचे इंजेक्शन योग्य रुग्णास योग्य वेळी दिले तर चांगला आराम देते, विशेषतः गोठलेल्या खांद्याच्या सुरुवातीच्या वेदनेत. पण ते वारंवार घेण्याचे औषध नव्हे, आणि मधुमेह्याने त्यानंतर काही दिवस साखरेवर लक्ष ठेवावे लागते.

हालचाल हे खरे औषध आहे, आणि आपल्याकडे नेमके तेच चुकते. दुखते म्हणून हात बांधला, बांधला म्हणून आवरण आक्रसले, आक्रसले म्हणून अधिक दुखले, असे हे चक्र असते. अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावरील आपल्या ग्रंथात "गोठलेला खांदा" हे नाव दिले. कंबरेतून पुढे वाकून, निरोगी हात मेजावर टेकवून, दुखरा हात लोंबकळता सोडावा आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलके झुलवावा, हा आज सर्वत्र सांगितला जाणारा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यासाठी यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. मात्र अस्थिभंग झालेला असेल किंवा नुकताच खांदा निखळला असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून तो करू नये. मालीश करणारे आणि फिजिओथेरपिस्ट म्हणजे एकच, असाही एक समज आहे; तो दूर होणे जरूर आहे.

झीज पराकोटीस गेली आणि रात्रीची झोप उडाली, तर कृत्रिम सांधा बसविता येतो. ही कल्पना नवी नाही. पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ या शल्यचिकित्सकाने १८९३ साली, म्हणजे आपल्या भूकंपाच्या बरोबर शंभर वर्षे आधी, ३७ वर्षांच्या एका पाव भाजणाऱ्या कारागिराचा क्षयाने नासलेला खांदा काढून तेथे प्लॅटिनम आणि रबर यांचा सांधा बसविला होता. जंतुसंसर्ग न आटोपल्याने तो सुमारे दोन वर्षांनी काढावा लागला. पुढे न्यूयॉर्कचे चार्ल्स नीर यांनी १९५० च्या दशकात आजच्या खांदारोपणाचा पाया घातला. फ्रान्समधील दिजाँ येथील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली एक उलटी युक्ती योजली. ज्यांच्या कंडराच उरलेल्या नाहीत त्यांच्यासाठी त्यांनी चेंडू फऱ्याच्या बाजूस आणि वाटी दंडाच्या बाजूस बसविली, म्हणजे खांद्यावरील मोठा स्नायू एकटाच हात उचलू शकतो. अशा शस्त्रक्रिया आता भारतातही होतात. त्या प्रत्येकास लागतात असे मुळीच नाही, आणि त्यानंतर जड ओझी उचलण्यावर मर्यादा येते, हे कष्टकऱ्याने आधीच समजून घ्यावे.

येथील माणसाने जावे कोठे? सास्तूरमध्ये स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे, उमरग्यास उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि त्यापुढे लातूर व सोलापूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. पहिली तपासणी जवळ करून, चिठ्ठी घेऊन पुढे जाणे हा मार्ग स्वस्तही आहे आणि शहाणपणाचाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते किंवा कसे, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर शिधापत्रिका शोधण्याची धावपळ मी अनेकदा पाहिली आहे. सांधा कायमचा निकामी होऊन हालचालीचे व्यंग ४० टक्के किंवा अधिक ठरले, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळते. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते, हे पंचायत सदस्यांना ठाऊक आहेच. त्या यादीत खांद्याने अधू झालेली स्त्री सहसा नसते, कारण ती चालत-फिरत असते आणि अधू "दिसत" नाही.

तिचे अधूपण दिसते ते निराळ्या ठिकाणी. अंबाडा बांधावयास ती मुलीला हाक मारते. फडताळातील डबा खाली उतरवून ठेवते. पुरुषाला कासोटा मागे खोवता येत नाही, पटका दुसऱ्याकडून बांधून घ्यावा लागतो. गुरुजी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहू लागतात, आणि कचेरीतील लिपिक वरच्या फळीवरचे दप्तर शिपायाकरवी काढून घेतो. खांदा दुखतो असे माणूस पुष्कळ उशिरा बोलून दाखवितो. या बारीकसारीक तडजोडी त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेल्या असतात. आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघरी जातात, त्यांनी "खांदा दुखतो का" असे न विचारता "वेणी स्वतः घालता का" असे विचारून पाहावे. रोजगार हमीच्या कामावर अशा मजुराला घमेले डोक्यावर घेण्याऐवजी पाणी देण्याचे किंवा मुले सांभाळण्याचे काम देता येते, हे ग्रामरोजगार सेवकाने मनात आणले तर अवघड नाही.

माझे बोलणे येथे थांबवितो. आता सर्वांनी कृपया उभे राहावे आणि बाके थोडी मागे सारावीत. दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवा, हात काटकोनात पुढे धरा आणि पंजे बाहेरच्या बाजूस जातील तितके उघडा. आता दोन्ही हात डोक्यावर न्या. त्यानंतर एकेक हात पाठीमागे नेऊन अंगठा कण्यावर किती वर पोहोचतो ते पाहा. ज्यांचा एक हात दुसऱ्याच्या बरोबरीने जात नाही, त्यांनी दाराजवळ बसलेल्या परिचारिका भगिनींकडे नाव नोंदवून मगच चहास जावे. आणि १९९३ च्या भूकंपात ज्यांच्या खांद्याला किंवा हाताला मार लागला होता, त्यांनी नावापुढे तशी नोंद करण्यास सांगावे.